साडेचार मीटर दोरी

रोमला जायच्या आधी रोम इथेच काढायचं ठरलं,
शाळेमागच्या पार्किंगमध्ये,
फेब्रुवारीत, पारा उणे एकोणतीसवर असताना.

हॅवरिलक बाईंनी दहा जणांना दहा पानं वाटली होती:
कमानीतला शेवटचा दगड कुठे बसतो,
चर्चमध्ये खांदे झाकायचे,
चित्रासमोर निदान चार मिनिटं उभं राहायचं, घड्याळ लावून,
आणि ‘सुंदर आहे’ म्हणायला बंदी.
“काय दिसलं ते सांगा. सुंदरचं नंतर बघू.”

सराव म्हणून कोल्टन
व्हरांड्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यासमोर उभा राहिला.
आम्ही फिदीफिदी हसलो.
चार मिनिटांनी म्हणाला,
लाल रंग खालीच जास्त उडालाय,
कुणीतरी लहान मूल रोज इथे बूट घासत असणार,
आईची वाट बघत.
मग कुणी हसलं नाही.

वर्षभर चर्चच्या तळघरात आम्ही
बटाट्याचे पिरोगी वळले, उकडले, विकले.
सस्कॅचेवानच्या या कोपऱ्यात दुसरं काय विकणार?
माझ्या वाट्याचे पैसे जानेवारीत
ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये गेले.
बाबा म्हणाले, फेडतो.
मी म्हटलं, घाई नाही.
विमानाची तारीख दोघांनाही पाठ होती.

पार्किंगमध्ये बाईंनी माझ्या हातात खिळा दिला.
“मध्ये कुणीतरी न हलणारं हवं, लेलंड.”
गुडघे बर्फात रोवून मी तो धरून बसलो.
दोरीच्या दुसऱ्या टोकाला डेलनी,
हातात बिटाच्या रसाची बाटली,
मागे मागे सरकत.
माझ्याभोवती लाल रेघ फिरत गेली
आणि जिथून निघाली तिथे, वीतभर चुकून, येऊन मिळाली.

“एवढं भोक,” बाई म्हणाल्या.
“पँथिऑनच्या छताला. मुद्दाम ठेवलेलं.
ऊन आत येतं, पाऊस आत येतो,
पाणी जायला फरशीला बारीक छिद्रं आहेत.”
“आणि हीटिंगचं बिल?” ट्रूडीनं विचारलं.
आमच्या गावाचा इतिहासाला एवढा एकच प्रश्न.

सगळे रेघेच्या आत शिरले, माना वर करून.
वर आकाश होतं, इथे त्याला काही तोटा नाही,
पण त्या दिवशी ते
कुणीतरी बेतून कापल्यासारखं दिसलं.
मी खिळा सोडायचा विसरलो.
बोटं नंतर गरम पाण्यात उघडली.

एप्रिलमध्ये बस आली.
डेलनीची बॅग मीच वर टाकली:
तेवीस किलोला दोनशे ग्रॅम कमी,
बियाण्याच्या काट्यावर आदल्या रात्री आम्हीच तोललेली.
बाईंनी हस्तांदोलन केलं, उगाच,
मोठ्या माणसाशी करतात तसं.
त्याही पहिल्यांदाच चालल्या होत्या,
हे मला तेव्हा त्यांच्या तळहातावरून कळलं.

पहाटेचे चार, तिकडे भरदुपार.
मी रिकाम्या सायलोची शिडी चढून
झाकण खांद्यानं ढकललं,
खाली उतरून मधोमध उभा राहिलो.
वर गोल अंधार.
त्यात एक तारा पुरता, एक कडेला अर्धा.
घड्याळ लावलं.
तिसऱ्या मिनिटाला मोबाइल उजळला
आणि मला गव्हाची धूळ दिसली,
खाली यायची घाई नसलेली.

“आत पाऊस पडतोय,” डेलनीनं लिहिलं होतं.
“लोकांना कडेला उभं केलंय.
आपलं वर्तुळ लहान होतं रे.”

मी लिहिलं, थंडीनं दोरी आखडली असेल.
पुसलं.
लिहिलं, खालची छिद्रं मोज.

उत्तर यायला वेळ लागला.
ओल्या फरशीवर, गर्दीच्या पायांत,
वाकून फिरत असणार ती,
बोटानं एकेक.